पहिल्या रिमोटची मालकीण

वहिनी, तुमच्या टीव्ही गेमचा लाल दिवा काल दुपारी विझला. कसा विझला ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे. माझं लिहिणं तुम्हाला ठाऊक आहे. आधी मुद्दे, मग विस्तार, मग समारोप. आज तसं जमेलसं वाटत नाही. "मुद्द्याचं बोल वं शरू" म्हणणारं माणूस समोर नाही, त्यामुळे लांबेलही.

लिहिते आहे तुम्हाला, पण वाचणार आहेत नातवंडं. ईरा आणि निमिष, माझ्या लेकाची दोघं, तिकडे कॅनडात. परवा फोनवर बोलताना निमिषनं विचारलं, "आजी, मोठी आजी गेली, मग तू त्या डब्याला पंखा का लावून ठेवलास?" त्याच्या आईनं त्याला दटावलं. पण प्रश्न रास्त होता. तुमच्यामागे घरात माणसं येत होती, जात होती, सतरंजीवर बसून डोळे पुसत होती, आणि मधल्या खोलीत टीव्हीखालच्या एका जुन्या डब्यावर मी टेबलफॅन लावून ठेवला होता. जणू आत कोणी तापानं फणफणलंय.

तर त्या दोघांना कळावं म्हणून पहिल्यापासून सांगते. तुम्ही ऐकून घ्या. मधे बोलू नका.

आपली मुलं शाळेत होती तेव्हा हा डबा घरात आला. टीव्हीला जोडायचा, वरच्या खाचेत कॅसेट खोचायची, दोन वायरींना दोन रिमोट. पहिल्या कॅसेटमध्ये दोन शिपाई होते, एक निळ्या पँटचा, एक लाल पँटचा. डावीकडून उजवीकडे पळायचं, उड्या मारायच्या, समोर येईल त्याला गोळ्या घालायच्या आणि पृथ्वी वाचवायची. मुलांनी पृथ्वी इतक्या वेळा वाचवली की त्यांना कंटाळा आला. मग तुम्ही माहेरी हिवरखेडला गेलात, आणि येताना अकोल्याला बस बदलायची होती तेवढ्या वेळात बाजारात शिरून दुसऱ्या भागाची कॅसेट घेऊन आलात. मूगवड्यांच्या पुडक्यात ती गुंडाळलेली होती. मी विचारलं, "वहिनी, यात नवीन काय आहे?" तुम्ही म्हणालात, "दुकानदार म्हने, तेच दोघं हायेत, पन दुश्मन मोठे हायेत."

ती कॅसेट मुलांनी महिनाभर खेळली असेल. मग परीक्षा आल्या, मग क्रिकेट आलं, आणि दुसरा भाग आपल्या दोघींच्या वाट्याला आला.

मी सकाळच्या शाळेत इंग्रजी शिकवून दुपारी घरी यायची. जेवणं झाली, ओटा पुसून झाला, भाऊजी, म्हणजे नातवंडांचे मोठे आजोबा, कोर्टात असले, की तुम्ही मधल्या खोलीचं दार लोटून घ्यायच्या. तुम्ही भिंतीला टेकून डावीकडे, मी उजवीकडे. चहाच्या वेळेपर्यंत. वकिलाच्या घरातल्या दोन सुना दुपारी दार लावून काय करतात, असा प्रश्न शेजारच्यांना पडत असे. तुम्ही सांगितलं होतं, "पोथी वाचतो." मधूनमधून बॉम्ब फुटल्याचे आवाज यायचे, तरी कोणी पुढे विचारलं नाही.

आता रिमोटचं. नातवंडांच्या हातातल्या रिमोटवर म्हणे डझनभर बटणं असतात. आपल्या पहिल्या रिमोटवर खेळ सुरू करायचं आणि थांबवायचं बटण होतं. दुसऱ्यावर ते नव्हतंच. ज्यानं डबा बनवला त्याला वाटलं असेल, एकानं थांबवलं की दोघांचं भागतं. त्या माणसाला जावा माहीत नव्हत्या. तुम्ही मोठ्या, म्हणून पहिलं रिमोट तुमचं. हळदीकुंकवाला आधी तुमचं बोट, जेवायला बसताना आधी तुमचा पाट, तसंच ते. मी कधी मागितलं नाही आणि तुम्ही कधी विचारलं नाही. पण त्याचा परिणाम असा, की खेळ थांबवण्याची सत्ता तुमच्या हातात, आणि तुम्ही खेळ थांबवत नसायच्या. अजिबात नाही.

"वहिनी, कुकर!"

"वाजू दे. कुकर काई पळून नाई चालला."

"वहिनी, दाराशी कोणी आलंय, थांबवा ना."

"आलं तं बसन. खेळ असा थांबवत नसते वं. हात चालव तू."

मी उठून जायची आणि परत येईपर्यंत माझा लाल पँटवाला मेलेला असायचा. एकदा नाही, वर्षानुवर्षं. शाळेत मी घंटेवर चालणारी बाई. तास संपला की वाक्य अर्धं असलं तरी खडू खाली ठेवायची. आणि घरी अशा बाईच्या शेजारी बसायचं, जिला 'थोडं थांबणं' ही कल्पनाच मान्य नाही.

खेळणंही तसंच. मी दगडाआड बसून, कोण कुठून येतंय ते बघून, नेम धरून पुढे जायची. तुम्ही सुरू झाल्या की पळत सुटायच्या. पण या खेळात दोघांना एकाच पडद्यात राहावं लागतं. मागचा पुढे आल्याशिवाय पडदा सरकत नाही. म्हणून तुम्ही पडद्याच्या उजव्या कडेला आपटत उभ्या आणि मी डावीकडे दगडाआड. "चाल ना वं! कायले बसली तिथं? मेंदी काढून राह्यली काय?" अशी गर्जना व्हायची. तुमच्या तोंडचं हे सगळं शेजारच्या पुणेकर भाडेकरूंना भांडण वाटायचं. एकदा त्यांनी मला हळूच विचारलंही, की घरात सगळं ठीक आहे ना.

मग अर्थातच तुमचे सगळे जीव आधी संपायचे. मुलं 'लाइफ' म्हणायची, तुम्ही जीव म्हणायच्या. आणि या खेळात एक सोय होती: आपले जीव संपले तर दोन बटणं एकदम दाबायची, की जोडीदाराच्या शिलकीतला एक जीव आपल्याकडे येतो. जोडीदाराला विचारावं लागत नाही. मी इतक्या निगुतीनं राखलेले जीव तुम्ही बटणं दाबून घेऊन टाकायच्या आणि मग कळवायच्या, "शरू, एक जीव घेतला वं तुह्यातला."

"विचारायचं तरी!"

"इचारलं असतं तं तू नाई म्हनली असती काय?"

नाही म्हटलं नसतं. पण विचारायचं असतं, एवढंच माझं म्हणणं. हा वाद मी तीस वर्षं हरत आले.

दुश्मनांना तुम्ही नावं ठेवली होती. दुसऱ्या टप्प्यात जंगल लागायचं, ते आपल्या इकडच्या जंगलातलं सेमाडोह. "शरू, सेमाडोह आलं, खाली वाकून चाल, झाडावर लोकं हायेत." त्याच्या शेवटी भिंतीएवढं एक तोंड होतं, ते उघडलं की आग ओकायचं. ते तोंड म्हणजे धामणगावची आत्या. सासूबाईंची ही चुलत नणंद धामणगावहून दर दिवाळीला यायची आणि येताना आपल्या दोघींसाठी वर्षभराच्या तक्रारी घेऊन यायची. एकदा ती खरोखरच दिवाणखान्यात बसून माझ्या चकल्यांबद्दल बोलत होती, आणि तुम्ही चहाचा ट्रे खाली ठेवताना माझ्या कानाशी पुटपुटलात, "खाली बस. तोंड उघडून राह्यलं." मी हसू दाबता दाबता ठसक्यानं लाल झाले. आत्यानं माझी पाठ थोपटली. तिच्या मनात माझ्याबद्दल त्या दिवसापासून थोडी माया निर्माण झाली, ती तुमच्यामुळे.

शेवटच्या दुश्मनाला मात्र नाव नव्हतं. छताला उलटा टांगलेला, कोळ्यासारखे पाय. तिथपर्यंत आपण कितीदा तरी पोचलो, पुढे कधी गेलो नाही. "याचं नाव मारल्यावर ठेवू," तुम्ही म्हणायच्या. आणि त्याला मारल्यावर काय होतं, यावर आपला दुसरा वाद. मी म्हणायची, "काय होणार? खेळ संपणार. प्रत्येक गोष्टीला शेवट असतो, वहिनी." तुम्ही म्हणायच्या, "मले नाई वाटत. येवढ्या मेहनतीनं केला त्यायनं, अन् संपवून देतीन? पुढं असन काई तरी." मुलांना विचारलं असतं तर एका मिनिटात निकाल लागला असता. पण तुम्ही विचारू दिलं नाही. "आपलं आपन पाहू" हे तुमचं उत्तर.

दसऱ्याची गोष्ट सांगितली नाही तर ईरा रागावेल, तिला ती पाठ आहे. आपल्या घरी खंडेनवमीला शस्त्रांची पूजा. भाऊजींची कायद्याची पुस्तकं, माझं पेन, शिवणयंत्राची कात्री, विळी, सगळं पाटावर मांडायचं. एका वर्षी बघते तर मधोमध दोन रिमोट आणि कॅसेट, त्यांवर हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. मी म्हटलं, "वहिनी, ही शस्त्रं आहेत का?" तुम्ही म्हणालात, "वकिलाच्या पुस्तकानं कोनी मेलं काय आजलोक? याच्यानं किती मारले मोज बरं." भाऊजी सोवळ्यात उभे होते, त्यांना हसावं की रागवावं कळेना. शेवटी त्यांनीही दोन अक्षता वाहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी खेळ लावला तर पडद्यावर नुसत्या रेघा. कॅसेटच्या दातांत कुंकू गेलेलं, आणि तुमच्या रिमोटच्या बटणात अक्षतेचा दाणा. दोन दुपारी मी स्पिरिट, कापूस आणि सुई घेऊन बसले होते. कॅसेट चालू झाली. बटणाच्या कडेचं कुंकू मात्र निघालं नाही. ती गुलाबी रेघ अजून आहे.

मुलं मोठी झाली, घरं पांगली. मधे बरीच वर्षं डबा माळ्यावर होता. तो खाली कधी आला ते ईरा-निमिषला माहीत नाही. त्यांचे आजोबा गेले तेव्हा.

ह्यांच्या तेरवीनंतर पाहुणे गेले आणि मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. जेवायला बोलावलं की उठायची, जेवायची, पुन्हा पडायची. मला सगळे सांगत होते, रडून घे. एका दुपारी माळ्यावर खुडबुड झाली, मग मधल्या खोलीतून ते सुरुवातीचं गाणं ऐकू आलं, आणि तुम्ही दारात येऊन म्हणालात, "चाल. बस." मी म्हटलं, "वहिनी, आज नको." तुम्ही म्हणालात, "माही एकटीची पँट निळी हाय अन् लाल वाला नुसता उभा हाय. पडदा सरकून नाई राह्यला. चाल." मी उठले. तुमच्यावर चिडूनच उठले. हेलिकॉप्टरमधून दोघं उतरले आणि तुम्ही पळत सुटल्या, तशाच, म्हातारपणी, गुडघे दुखत असताना, रिमोटसकट पुढे झुकून. मी मधेच रडायला लागले. "थांबवा," मी म्हटलं. तुम्ही थांबवलं नाही. "रड. पन हात चालव." मी रडत रडत धामणगावच्या आत्याला मारलं. त्या दुपारनंतर मी भिंतीकडे तोंड करून झोपले नाही.

याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. जावाजावांत तशी रीत नसते. आता मानते.

तेव्हापासून पुन्हा रोज दुपारी. वीज सारखी जायची आणि खेळ जिथल्या तिथे पुसला जायचा, कारण या जुन्या कॅसेटमध्ये काही साठवून ठेवता येत नाही. डबा बंद झाला की सगळं पहिल्यापासून. म्हणून तुम्ही भाऊजींशी भांडून मधल्या खोलीचा बोर्ड इन्व्हर्टरला जोडून घेतलात. देवघराचा दिवा राहिला, हा जोडला गेला.

आणि मग ती दुपार.

आपण शेवटच्या दुश्मनापाशी होतो आणि तो लाल झाला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. लाल झाला म्हणजे मरायला टेकला, हे मुलांनी आपल्याला शिकवलं होतं. तुमचा शेवटचा जीव चालू होता, माझ्याकडे दोन शिल्लक. मी म्हटलं, "वहिनी, सांभाळून, अगदी थोडं राहिलं." तुम्ही उडी मारलीत, आणि पडदा स्थिर झाला. आवाज बंद. मला वाटलं वीज गेली. बघते तर तुमचा अंगठा बटणावर.

तुम्ही खेळ थांबवला होता.

"आता?" मी म्हटलं. "वहिनी, आता?"

"मले जरा कसंतरीच होऊन राह्यलं," तुम्ही म्हणालात. "तू हालू नको. मी आलीच."

रिमोट तुम्ही गादीवर ठेवलंत, भिंतीला धरून उठलात, पलंगावर जाऊन बसलात. कपाळावर घाम होता. मयूरीनं, तुमच्या सुनेनं, रिक्षाची वाटही न बघता शेजाऱ्यांची गाडी काढायला लावली. गाडीत तुम्ही माझा हात धरला होता आणि मला म्हणालात, "बंद नको करू हां." मी म्हटलं, नाही करत. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात तुम्ही गेलात. शांतपणे गेलात, असं सगळे म्हणतात. मी तिथे होते. शांतपणे गेलात.

घरी आल्यावर मी टीव्ही बंद केला. सुतकात टीव्ही लावत नाहीत. डबा बंद केला नाही. खोलीतून बाहेर पडताना बटणं बंद करा म्हणून आयुष्यभर घरादाराच्या मागे लागलेली मी, त्या लाल दिव्यापाशी पहारा देत बसले. अडॅप्टर तापायला लागला, मग पंखा लावला. मधे दोनदा वीज गेली. इन्व्हर्टरनं तारलं. भाऊजी रोज सकाळी काठी टेकत दारापर्यंत यायचे, डब्याकडे बघायचे आणि विचारायचे, "शरयूबाई, त्या खटल्याले स्थगिती हायेच का अजून?" मी म्हणायची, "आहे." ते मान हलवून जायचे. तेवढं विचारण्यासाठीच ते येत असावेत.

मी तो खेळ पुढे का चालवत नव्हते, ते कोणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. तुम्हाला सांगते. पडद्यावर तुम्ही हवेत होत्या. उडीच्या अगदी मधोमध, पाय पोटाशी घेतलेले. मी बटण दाबलं असतं तर तुम्ही खाली आल्या असत्या, आणि पहिल्या रिमोटवर कोणाचाच हात नसता, आणि तो लाल कोळी तुमच्यावरच नेम धरून होता. ते मला दुसऱ्यांदा बघायचं नव्हतं. थांबलेलंच बरं होतं. तुम्ही गाडीत सांगितलं होतं बंद नको करू. चालू कर, असं सांगितलं नव्हतं.

काल सकाळी फोनवर संदेश आला. आपल्या भागात वाहिनीच्या कामासाठी अकरा वाजल्यापासून दुपारभर वीज बंद. इन्व्हर्टर जेमतेम तासभर तग धरतो. म्हणजे मी काही केलं नाही तरी दुपारी तुम्ही पडद्यावरून पुसल्या जाणार होत्या. ना खाली उतरून, ना जिंकून. मधल्या मधे.

मी स्वयंपाकघरात गेले. मयूरी ओटा घासत होती. तुम्ही गेल्यापासून ती ओटाच घासते आहे. लग्न होऊन पुण्याहून आली तेव्हा तुम्ही तिला "बस न वं, खाऊन घे, काहून उभी राह्यली?" म्हणालात आणि तुम्ही रागावल्या असं समजून ती रडत खोलीत गेली होती. आता तुम्ही नाही आणि तिला घरात कोणी रागवत नाही, म्हणून ती कासावीस आहे. डोळ्यांत एक थेंब नाही, बसत नाही, बोलत नाही. डबे उतरवते, पुसते, परत लावते. काल कुकर चढवला होता आणि कोरडी भांडी पुन्हा पुसत होती.

तिच्याकडे बघताना मला भिंतीकडे तोंड करून पडलेली एक बाई आठवली.

"मयूरी," मी म्हटलं, "चल. बस."

"कुठे, काकू?"

"मधल्या खोलीत. वहिनींचा खेळ पुरा करायचाय."

"काकू, मला येत नाही. मी कधी हातसुद्धा लावला नाही."

"मला तरी कुठे येत होतं."

ती उजवीकडे बसली, माझ्या जागी, माझं रिमोट घेऊन. मी डावीकडे बसले. तीस वर्षांत पहिल्यांदा भिंतीला पाठ टेकली. तिथे तुमच्या पाठीनं रंग घासून गुळगुळीत केला आहे, ते मला कधी माहीत नव्हतं. टीव्ही लावला. तुम्ही हवेतच होत्या.

मयूरीनं ते बघितलं आणि तिचा चेहरा पहिल्यांदा हलला. "या आई आहेत?"

"निळी पँट. तू लाल. हे उडीचं, हे गोळीचं. मी दाबते आहे."

बटणाच्या कडेला ती गुलाबी रेघ होती. मी दाबलं.

तुम्ही खाली उतरलात, वहिनी. दोन्ही पायांवर. मी तुम्हाला लगेच उजवीकडे पळवलं, कारण तुम्ही तेच केलं असतं, आणि कोळ्यानं तुम्हाला लगेच मारलं, कारण दर वेळी तो तेच करत असे. पुढचं मला विचार करून करावं लागलं नाही. माझे दोन अंगठे दोन बटणांवर एकदम गेले.

"काकू, माझा एक कमी कसा झाला?"

"मी घेतला."

"विचारलं नाही!"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस का?"

ती हसली. आणि हसता हसता ती जे इतके दिवस रडली नव्हती ते सगळं सुरू झालं, डोळे, नाक, हुंदके. "काकू, थांबवा," ती म्हणाली, "मला दिसत नाहीये."

"रड," मी म्हटलं. "पण हात चालव."

तिनं चालवला. नेम नव्हता, नुसती दिसेल तिकडे गोळ्या झाडत होती. तुमचाच वाण. मी तुम्हाला एका जागी उभं करून खालून वर झाडत होते. कोळी एकदा थरथरला, दुसऱ्यांदा थरथरला, आणि इतका मोठा स्फोट झाला की दिवाणखान्यातून भाऊजींनी हाक मारली, "काय झालं? निकाल लागला काय?"

"लागला!" मी ओरडले. मी घरात कधी ओरडत नाही.

मग पडदा काळा झाला आणि एक इंग्रजी मजकूर आला. चार ओळींत तीन चुका. इतकी वर्षं ज्या क्षणासाठी बसलो, तिथे कोणीतरी व्याकरण न तपासता अभिनंदन केलं होतं. माझी बोटं लाल पेन शोधत होती. मी मनात म्हटलं, बघा वहिनी, संपला. प्रत्येक गोष्टीला शेवट असतो.

अक्षरं गेली. क्षणभर काही नव्हतं. मग ते सुरुवातीचं गाणं लागलं, हेलिकॉप्टर आलं, आणि त्यातून दोघं दोरीनं खाली उतरले, एक निळा, एक लाल. दोघांचे जीव पूर्ववत भरलेले. दुश्मन पहिल्यापेक्षा जास्त.

तुमचं खरं होतं. पुढं होतं काहीतरी. हा वाद मी हरले, लेखी कबूल करते, नातवंडं साक्षीला आहेत. फक्त त्या कोळ्याचं नाव ठेवायचं राहिलं आहे. ईरा, निमिष, तुम्हाला काही सुचलं तर कळवा. धामणगावच्या आत्याच्या तोडीचं हवं.

मयूरी नाक पुसत मला विचारत होती, "आता काय करायचं, काकू?"

"उजवीकडे पळायचं."

ती पळत सुटली. पडद्याच्या कडेला जाऊन आपटली. मी नेहमीसारखी दगडाआड जाणार होते, पण निळी पँट तुमची होती, ती दगडाआड शोभली नसती. मीही पळाले. पहिला टप्पा मागे पडला आणि दोघी सेमाडोहमध्ये शिरतच होतो तेवढ्यात स्वयंपाकघरात शिट्टी झाली. मग दुसरी. मग तिसरी.

"काकू, कुकर! थांबवा ना!"

माझा अंगठा बटणावरच होता. घंटेवर चालणारी बाई मी. तीस वर्षं मी हेच वाक्य त्या उजव्या जागेवरून म्हणत आले, आणि आता पहिल्यांदा सत्ता माझ्या हातात होती.

"वाजू दे," मी म्हटलं. "खेळ असा थांबवत नसते."

वरण लागलं. इन्व्हर्टरनंही मान टाकली आणि लाल दिवा विझला, तेव्हा आम्ही सेमाडोह ओलांडलं होतं.